वरच्या खोलीबाबत, कारण क्रमांक सात

तीर्थरूप ताईस,

धाकट्या, हट्टी आणि (तुझ्या मते) जन्मात कुणालाही हो न म्हणालेल्या बहिणीचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, तुझा कुत्रा मागच्या पत्रात घोरत होता तेवढाच घोरत असेल आणि स्वयंपाकघरातला नळ अजून टपकत असेल, असं धरून चालते. मी बरी आहे. डाव्या कानानं जरा कमी ऐकू येतं, पण त्या बाजूला सहसा ऐकण्यासारखं बोलणारं कुणी बसत नाही, त्यामुळे अडत नाही. पत्र लिहिण्याचं कारण तुला सांगायला नको, कारण ते तूच आहेस.

तू घातलेली अट शब्दशः अशी होती (तुझं पत्र समोर ठेवूनच लिहिते आहे, नाहीतर उद्या म्हणशील, मी असं कधी म्हटलं?): "जाहिरातीचं कात्रण सोबत आहे. आठ शनिवार या वर्गाला जा, शेवटच्या रविवारी लोकांसमोर उभी राहा, आणि त्यानंतरही माझ्याकडे राहायला यायला नाहीच म्हणालीस, तर मी पुन्हा विचारणार नाही. वरची खोली त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना देऊन टाकीन." तर आठ शनिवार झाले. रविवारही झाला. दिलेला शब्द पाळायचा असतो हे मदरनी आपल्याला कॉन्व्हेंट शाळेत लाकडी पट्टीनं शिकवलं होतं, ते मी विसरलेले नाही. तेव्हा हे पत्र म्हणजे अटीची पूर्तता समजावी. सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. प्रमाणपत्राच्या खाली सहीच्या जागी एक हसरा चेहरा काढलेला आहे. माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर मी तो चिमट्यानं उचलून परत पाठवला असता.

कात्रणात नुसतं "इम्प्रॉव्ह: विद्यार्थी आणि कलाकारांसाठी विनोदाची मूलतत्त्वं" एवढंच छापलं होतं, त्यावरून मला वाटलं काही वाचायला वगैरे देतील. तसलं काही नाही. इम्प्रॉव्ह म्हणजे ज्याला लेखक नाही, संवाद नाहीत, तालीम नाही आणि ज्यात काय होणार हे करणाऱ्यालाही ठाऊक नाही असं नाटक. (आमच्या कार्यालयात याला बैठक म्हणत.) वर्ग भरतो तो मोटार चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर. भिंतींवर चहूकडे रहदारीच्या पाट्या: थांबा, वळू नका, प्रवेश बंद, वेग कमी करा. पहिल्या शनिवारी त्या पाहून मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, इथे कुणीतरी विचारी माणूस वावरतो. मग शिकवणारे आले. वय तिशीच्या आत, पायांत मोजे नाहीत आणि डोक्यावर केसांचा बुचडा, तोही तुझ्या लग्नात माझा बांधला होता त्याहून घट्ट. मी त्यांना मनात बुचडाच म्हणत असे, एकदा चुकून तोंडानंही म्हटलं, तर म्हणाले, "हो, आणि आज तेलही लावलंय." यावरून त्यांच्या शिकवण्याची कल्पना यावी.

कारण "हो, आणि" हेच त्यांचं पहिलं तत्त्व. समोरच्यानं काहीही म्हटलं तरी ते खरं मानायचं आणि त्यात आपली भर घालायची. तो म्हणाला, आपण बुडत्या जहाजावर आहोत, की कुठलं जहाज, कुणी सांगितलं, असं विचारायचं नाही. हो, आणि मी वल्ही घरी विसरले, असं म्हणायचं. "प्रवेश बंद"च्या पाटीखाली उभं राहून हे गृहस्थ आम्हाला सांगत होते की नाही म्हणू नका. मी वहीत लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही (तू सगळ्यांना सांगत आलीस की मी "शिक्के मारते"), म्हणून एकदा सांगून टाकते. परवाना कार्यालयाच्या छाननी विभागात मी एकतीस वर्षं काढली. ज्यांना दुकान काढायचं असे ते अर्ज घेऊन यायचे आणि अर्जात काय कमी आहे ते मी शोधायची. नकाशा नाही, नकाशावर सही नाही, सही आहे पण मालकाची नाही. अर्ज त्रुटींसह परत. लोक मला मागून परतबाई म्हणत, ते मला ठाऊक होतं. पण मी कुणालाही कधी नाही म्हटलेलं नाही. काय राहिलंय एवढंच मी सांगत असे. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो बुचडा धरून कुणालाही समजावता आलेला नाही.

दुसऱ्याच शनिवारी मला दवाखान्यातली डॉक्टर केलं आणि समोर सोडला तो इमारतींना लिफ्ट बसवणारा एक धिप्पाड मनुष्य. (या मनुष्याला कुठलाही विषय द्या, तो डायनासोर होतो. बँक म्हणा, आगगाडी म्हणा, डायनासोर.) तो चार पायांवर रांगत आला आणि कळवळून म्हणाला, "डॉक्टर, माझी शेपटी तुटली हो!" मी विचारलं, आधीचे कागद? नव्हते. मग कागद घेऊन या. तो बिचारा रांगत बाहेर गेला आणि कागद घेऊन रांगत आला. कागदावर पाठवणाऱ्या डॉक्टरची सही नव्हती. गेला, सही आणली. तोवर बारा वाजून गेले होते आणि बाराच्या पुढे शेपट्या घेत नाहीत. वर्ग इतका हसला की खालून मोटारशाळेचे मालक काय पडलं म्हणून बघायला आले. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून समजलेलं नाही. मी अगदी नियमानं चालले होते. बुचड्यानं डोळे पुसले आणि मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मजा आली, पण त्यानं तीनदा दार वाजवलं आणि तुम्ही तीनदा बंद केलंत. त्याच्या हातात काय उरलं?" मी म्हटलं, मी नाही म्हटलंच नाही, काय राहिलंय ते सांगितलं. तो म्हणाला, "तेच ते, मावशी." (मावशी! तुला मूल नाही, तेव्हा कागदोपत्री मी या जगात कुणाचीही मावशी नाही. मी तसं त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "हो, आणि आता आहात.")

त्यांचं दुसरं तत्त्व असं की आधीपासून तयारी करून यायचं नाही. हे मला मूळ नीतीच्याच विरुद्ध वाटलं. मदरच्या हाताखाली शिकलेल्या मुलीनं तयारीशिवाय कुठे जायचं म्हणजे पेटिकोटाशिवाय जाण्यासारखं आहे. म्हणून मी एका चिठ्ठीवर बारा विनोदी वाक्यं लिहून, पाठ करून, पर्समध्ये ठेवली. चौथ्या शनिवारी संधी साधून त्यातलं पाचवं वाक्य टाकलं: "अगं बाई, घोडा पुन्हा गच्चीवर चढला!" दुर्दैवानं तेव्हा आम्ही पाणबुडीत होतो. सगळे गप्प. मला शाळेतलं ते आठवलं, उत्तर येत नसेल तर गप्प उभं राहा, पण ताठ. मी ताठ उभी राहिले. तेवढ्यात माझा जोडीदार हळूच म्हणाला, "हो. आणि बघा ना, किती भिजलाय." लोक असे हसले म्हणतेस! माझ्या घोड्याला त्यानं पाणबुडीत जागा करून दिली.

हा जोडीदार म्हणजे औषधांच्या दुकानाचा मालक. साठी उलटलेला, तीन वर्षांमागे बायको गेलेली. तेव्हापासून त्याच्या तोंडून "जेवणानंतर", "दिवसातून दोनदा" आणि "हलवून घ्या" याखेरीज शब्द फुटेना, म्हणून त्याच्या मुलीनं त्याला या वर्गात आणून घातलं होतं. पहिले तीन शनिवार तो प्रत्येक खेळात झाड झाला. घोड्याबद्दलचं ते वाक्य म्हणजे त्याचं पहिलंच. मला राग आला. मी काही त्याला सांभाळून घ्यायला सांगितलं नव्हतं. पण घरी येताना बसमध्ये एक विचार आला, तो फक्त नोंदीसाठी लिहिते: त्याला मला घोड्यासकट तसंच सोडून देता आलं असतं. मी तेच केलं असतं.

तिसरं तत्त्व ऐकण्याचं. आपली पाळी कधी येते याची वाट बघत ऐकायचं नाही, नुसतं ऐकायचं. हे फक्त औषधवाल्याला जमलं. मधल्या सुट्टीत चहा असे. तो नेमका माझ्या डाव्या बाजूला येऊन बसे, मग मला खुर्ची फिरवून घ्यावी लागे. तो चहात बिस्किट बुडवून खाई आणि मी बोलत असे. विषय अर्थातच तू. तुला मी लिहून कळवलेली सातही कारणं मी त्याला दर शनिवारी क्रमानं सांगितली. (तू पत्रं जपून ठेवत नाहीस म्हणून पुन्हा देते: एक, जिना. दोन, कुत्रा. तीन, नळ. चार, तू जेवताना गुणगुणतेस. पाच, एका स्वयंपाकघरात दोन म्हाताऱ्या. सहा, तू नववीत असताना माझी कंपासपेटी मोडलीस आणि आळ मांजरावर घातलास. सात, अन्य.) त्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, सल्ला दिला नाही, "पण बहीण आहे ना शेवटी" असलं काही बोलला नाही. बिस्किट मात्र दरवेळी चहात पडायचं.

मग तो रविवार. दुपारी चार वाजता पाट्यांखाली चाळीस घडीच्या खुर्च्या मांडल्या, सदतीस भरल्या. पुढच्या रांगेत मोटारशाळेचे मालक टोपी घालून बसले होते आणि शेजारी लिफ्टवाल्याची आई. लिफ्टवाला प्रथेप्रमाणे डायनासोर होऊन गेला. (विषय न्यायालय होता.) मग बुचड्यानं मला आणि औषधवाल्याला पुढे केलं आणि लोकांना विचारलं, या दोघांचं नातं काय सांगता? लिफ्टवाल्याची आई मोठ्यानं ओरडली, "दोघी बहिणी!" औषधवाल्याच्या तोंडून "जेवणानंतर"सुद्धा निघेना. मी मनात अकरापर्यंत मोजलं. माझी चिठ्ठी पर्समध्ये, पर्स खुर्चीखाली, खुर्ची भिंतीला लागून. दोन बहिणींबद्दल माझ्या डोक्यात तयार असलेला एकच मजकूर होता आणि तो तुझा होता. तोंड उघडलं आणि मीच तू झाले. म्हटलं, "आलीस? ये. वरची खोली रिकामी आहे, चल दाखवते."

मग दाखवणं आलं. तिथे जिना नव्हता, पण मी कठडा धरला आणि चढायला लागले. चौथ्या पायरीवर थांबले. हात गुडघ्यावर गेला. का थांबले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. कुणी सांगितलं नव्हतं, ठरवलंही नव्हतं. बहात्तर वर्षांची ताई व्हायचं म्हटल्यावर पाय आपसूक थांबले. (बुचड्यानं नंतर याची फार तारीफ केली. मी म्हटलं, मी काही केलंच नाही.)

एवढ्यात मागे औषधवाल्याला कंठ फुटला. त्यानं हनुवटी आत घेतली, नसलेली पर्स दोन्ही हातांनी पोटाशी गच्च धरली आणि माझ्याच आवाजात म्हणाला, "नाही. कारण क्रमांक एक." लोक कोसळले. (मी पर्स अशी धरते का? कळव. नको, कळवू नकोस.) तर ताई, माझी अवस्था लक्षात घे. माझी कारणं, माझ्याच क्रमानं, माझ्याच तोऱ्यात माझ्यावर येत होती आणि तत्त्वानं बांधलेली मी प्रत्येकाला तुझ्या वतीनं हो म्हणत होते.

"जिना फार आहे!"

"हो, आणि पायऱ्या बाराच आहेत. तू मोजत चढशील, तुझा वेळही जाईल."

"कुत्रा घोरतो!"

"हो, आणि तूही घोरतेस. तो तक्रार करणार नाही."

"नळ टपकतो!"

"हो, आणि तुला गप्प करता आलं नाही असं अजून काही जन्मलेलं नाही, म्हणून तुझ्यासाठी ठेवलाय तसाच."

"तू जेवताना गुणगुणतेस!"

"हो, आणि समोर कुणी नसलं की माणूस गुणगुणतोच गं."

हे मी काय बोलले ते बोलून झाल्यावर माझ्या कानांवर आलं, तेही उजव्याच. पाचव्या कारणाला मी म्हटलं, "हो, आणि चहा तू कर, नावं मी ठेवते." सहाव्याला म्हटलं, "हो. आणि मांजर निर्दोष होतं." (या कबुलीची मी अठ्ठावन्न वर्षं वाट पाहिली आणि शेवटी सदतीस लोकांसमोर मलाच ती द्यावी लागली. तुझ्याकडून पोचली असं समजून नोंद घेतली आहे.)

मग त्यानं म्हटलं, "सात. अन्य." आता एकतीस वर्षांत "अन्य" एवढाच शेरा मी कुणाचा घेतलेला नाही. सवयीनं बोलून गेले, "तपशील द्या." मला वाटलं, पुन्हा झाड झाला. पण त्यानं पर्स सोडली, हनुवटी जागेवर आणली आणि त्याच्या स्वतःच्या आवाजात, अगदी हळू म्हणाला, "मी तिकडचं सगळं आवरून, दार बंद करून इथे आले, आणि तूच माझ्या आधी गेलीस तर?"

हे मी त्याला कधीही सांगितलेलं नाही. आठ शनिवारांत नाही. मी ते कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून तर अन्य लिहिलं होतं. त्याला कुठून कळलं म्हणून विचारण्यात अर्थ नव्हता. तीन वर्षं तो रोज तेच बंद दार उघडतो. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मोटारशाळेच्या मालकांनी टोपी काढली. मी बुचड्याकडे पाहिलं, तो नुसता उभा होता. नियम तो नियम. मी म्हटलं, "हो." मग "आणि" लवकर सापडेना. सापडलं ते असं: "आणि तोवर कुत्र्याला फिरवून आणायला कुणीतरी लागेलच ना?"

हसले बाई लोक. टाळ्याही वाजल्या. बुचडा आमच्यासमोरून धावत गेला, म्हणजे प्रवेश संपला. (इथे असंच असतं, कुणीतरी समोरून पळत गेलं की विषय मिटला. आमच्या कार्यालयात ही सोय असायला हवी होती.) औषधवाल्यानं मला विचारलं, "जमलं का?" मी म्हटलं, "त्रुटी नाही." माझ्या माहितीप्रमाणे हा शेरा मी आजवर दोनदाच दिलेला आहे.

आता यावरून तू भलता अर्थ काढशील, म्हणून स्पष्ट करते. तो खेळ होता. खेळात बोललेलं कुणावर बंधनकारक नसतं आणि जे मी बोलले ते तू म्हणून बोलले, मी म्हणून नव्हे. मी म्हणून बोलत होता औषधवाला आणि त्याला माझ्या वतीनं सही करण्याचा अधिकार नाही. तेव्हा तुझ्या अटीप्रमाणे वर्ग पूर्ण करून, शुद्धीवर राहून, माझं उत्तर पूर्वीचंच आहे: नाही. आता पुन्हा विचारू नये. खोली डॉक्टरीणबाईंना द्यावी.

घरात तू आणि कुत्रा एवढेच, तेव्हा दोघांनाही योग्य तो नमस्कार आणि आशीर्वाद. कुणाला काय ते तुम्ही ठरवा.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझं पत्र परत पाठवत आहे. सवयीनं छाननी केली, त्यात एक त्रुटी निघाली. खालच्या मजल्याबद्दल तू दीड पान लिहिलं आहेस: नवे पडदे, खिडकीतलं ऊन, पलंग बैठकीत आणल्यामुळे झालेली अडचण. वरच्या खोलीबद्दल चार शब्द: "वरची खोली रिकामी आहे." खिडकी कुठल्या बाजूला, भिंतीला ओल आहे का, कपाट लागतं का, काही नाही. खोली देऊ करणारा माणूस खोलीचं वर्णन करतो. आणि पलंग बैठकीत का? वरची खोली तर तुझी होती. आपली खोली दुसऱ्याला देणारा माणूस एक तर उदार असतो किंवा त्याला जिना चढवत नाही. तुला मी अडुसष्ट वर्षं ओळखते, तू उदार नाहीस. रविवारी मी चौथ्या पायरीवर थांबले. तू कितव्या पायरीवर थांबतेस, ताई, आणि कधीपासून?

ता. क. दोन. अट पुन्हा वाचली. मी नाही म्हटल्यावर तू विचारायचं नाहीस, एवढंच तीत आहे. मी अर्ज करायचा नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. सबब, अर्ज. विषय: वरची खोली मिळण्याबाबत. अर्जदार एकटी, जिना चढू शकते, नळ दुरुस्त करवून घेऊ शकते, डाव्या कानानं कमी ऐकू येत असल्यामुळे गुणगुणण्याला हरकत नाही. डॉक्टरीणबाईंना सांग, खोली गेली. दात दाखवायला हवं तर येऊ दे त्यांना. अर्जात त्रुटी असतील. त्या कळवू नकोस.

ता. क. तीन. उत्तराची वाट बघत नाही. शनिवार आता मोकळाच आहे, सकाळच्या गाडीनं येते. बेल वाजली की धावत येऊ नकोस. तुला दारापर्यंत यायला लागेल तेवढा वेळ मी बाहेर उभी राहीन. सावकाश ये. आणि हो, मांजर निर्दोष होतं हे दारातच तुझ्या स्वतःच्या तोंडानं म्हणालीस, तरच आत येईन.